बंद पडलेले मशीन मोडलेले नसते
(प्रस्तावना)

घरातले शिलाई मशीन बंद पडले की आत काहीतरी मोडले असणार, असे आपण धरून चालतो. हे पुस्तक त्या समजुतीला हरकत घेऊन सुरू होते. टाके सुटणे, वरचा दोरा सारखा तुटणे, कापडाखाली दोऱ्याचे जाळे होणे, मशीन जड चालणे, कापड जागचे न हलणे ही घराघरांतली नेहमीची गाऱ्हाणी आहेत. त्यांची कारणे शोधत गेले की बहुतेक वेळा आपण चारच ठिकाणी येऊन पोचतो : सुई, दोरा, साचलेला कचरा आणि तेल. सुई झिजायचीच, दोरा जुना व्हायचाच, कापडाचा भुसा साचायचाच आणि तेल संपायचेच. हे मशीनचे रोजचे खाणेपिणे झाले, आजारपण नव्हे. म्हणून माझे म्हणणे असे, की जिला मशीन चालवता येते तिला ते दुरुस्तही करता आले पाहिजे. आणि शिवणाच्या वर्गात ही गोष्ट वेळ उरला तर सांगायची म्हणून न ठेवता पहिल्या आठवड्यातच शिकवली पाहिजे.

परभणीसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न जास्त बोचतो, त्याचे कारण अंतर. नऊ तालुक्यांचा हा जिल्हा. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या 18 लाख 36 हजार, आणि दहांतले जवळजवळ सात जण खेड्यात राहणारे. मशीनचा मिस्त्री मात्र परभणीत बसतो, फार तर तालुक्याच्या बाजारपेठेत. जिंतूर काय, गंगाखेड काय, परभणीपासून चाळीसेक किलोमीटर. आणि ही तर मोठ्या रस्त्यावरची गावे. आतल्या वाडी-तांड्यावरच्या बाईने काळ्या बिडाच्या मशीनचे दहा-बारा किलोचे डोके पिशवीत घालून एसटीने न्यायचे, मिस्त्री जागेवर असला तर ठेवून यायचे आणि दोन-चार दिवसांनी आणायला पुन्हा जायचे. भाड्याचा हिशेब त्यात लहान. खरा तोटा बुडालेल्या कामाचा. गावातल्या शिवणकामाला हंगाम असतो. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईचे झंपर-परकर, फॉल-पिको सुरू होते, आणि जूनमध्ये शाळेचे गणवेश येतात. ऐन या दिवसांत मशीन आठवडाभर थांबले तर गिऱ्हाईक दुसऱ्या गल्लीत जाते, आणि एकदा गेलेले गिऱ्हाईक सहसा परतत नाही. एवढा सगळा खटाटोप होतो आणि शेवटी कारण निघते ते उलटी बसवलेली सुई.

शिंपीकाम ही या भागातली जुनी विद्या आहे. संत नामदेव शिंपी समाजातले. त्यांचे नरसी हे गाव 1999 साली हिंगोली वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. पुढे मशीन आले तेव्हा शिंप्याच्या दुकानात काम शिकणाऱ्या पोराच्या वाट्याला आधी पुसपास आणि तेलपाणी येई, टीप मारणे नंतर. निगा वेगळी शिकवावी लागत नसे, ती कामातच मुरलेली होती. गेल्या काही दशकांत मशीनची मालकी बदलली. बचत गटांची कर्जे, जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाच्या योजना, शिवणाचे क्लास यांतून मशीन शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरात गेले आणि चालवणारी बहुतेक ठिकाणी बाई झाली. ही फार चांगली गोष्ट घडली. 17 सप्टेंबर 2023 रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. तिच्यात अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत आहे, पाच-सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण आहे आणि प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये विद्यावेतन आहे. राज्य सरकारनेही 2024-25 मध्ये सरकारी शाळांचे गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) बचत गटांकडून शिवून घ्यायचे ठरवले होते. ती व्यवस्था वर्षभरातच बदलली आणि गणवेशाचे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेले. पण गावातल्या बायकांच्या हातून किती मोठे काम होऊ शकते, याचा अंदाज त्या निर्णयामागे होताच. प्रश्न असा, की हात तयार झाले, मशीन घरात आले, पण दुकानातल्या पोराला आपोआप मिळणारे ते निगेचे शिक्षण या बाईला कोणी दिले? ते मधल्या मध्ये गळाले. क्लासमध्ये कटोरी झंपरचे माप शिकवतात. शटल काढून पुसायला क्वचितच शिकवतात.

आता माझ्या मुख्य विधानाचा पुरावा पाहू, आणि त्यासाठी एकच तक्रार जवळून बघू : कापडाखाली होणारे दोऱ्याचे जाळे. वरून टीप सरळ दिसते, कापड उलटे केले की खाली गुंताच गुंता. साहजिकच बाईचा हात खालच्या बॉबिनकडे जातो. ती बॉबिन केसचा स्क्रू पिळते, मग उलटा पिळते, आणि खालचा ताणही बिघडवून बसते. खरे कारण वर असते. टाका कसा पडतो ते समजले की हे लगेच पटते. सुई वरचा दोरा घेऊन खाली जाते आणि परत वर निघताना दोऱ्याचा एक छोटा फास मागे सोडते. शटलचे टोक तो फास पकडते, बॉबिनभोवती फिरवते, आणि वरची दोरा ओढणारी दांडी तो फास खेचून कापडात बसवते. या खेचण्याला अटकाव करतात त्या टेन्शनच्या दोन चकत्या. दोरा त्यांच्यामध्ये बसलाच नसेल तर वरून तो मोकळा सुटतो, फास पूर्ण आवळला जात नाही आणि शिल्लक दोरा खाली साचतो. आणि दोरा चकत्यांमध्ये का बसत नाही? बऱ्याचदा दोरा ओवताना दाबाचा पाय खाली टेकवलेला असतो म्हणून. पाय खाली असला की चकत्या आवळलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या कडेवरून जातो. पाय वर उचलायचा, दोरा काढून पुन्हा पहिल्यापासून ओवायचा : दुरुस्ती झाली. एक पैसा नाही, एक अवजार नाही. दिसणारे दुखणे खाली आणि कारण वर, हा प्रकार शिलाई मशीनमध्ये इतका नेहमीचा आहे की टाक्याची ही रचना समजावून घेण्यासाठी या पुस्तकाचे पहिले प्रकरण पूर्ण दिले आहे.

सुईचेही तसेच. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो आणि चपट्या बाजूच्या विरुद्ध अंगाला लांब खाच असते. खाच ज्या बाजूला, त्या बाजूने दोरा ओवायचा. चपटी बाजू शटलच्या टोकाकडे. एवढा एक नियम लक्षात राहिला तर कुठल्याही कंपनीचे मशीन असो, सुई उलटी बसत नाही. सुई वर पुरती न भिडवता स्क्रू आवळला तर ती केसभर खाली राहते, आणि शटलला फास सापडत नाही. बाजारात गोल दांड्याच्या सुयाही मिळतात. त्या कारखान्यातल्या आणि दुकानातल्या वेगवान मशीनसाठी असतात. घरच्या काळ्या मशीनला त्या चालत नाहीत. सुतीला 14 नंबर, जाड कापडाला 16, जीन्सला 18, तलम कापडाला 11 हे साधारण प्रमाण धरावे. सुई वाकली आहे का, हे बघायला भिंगाची गरज नाही. चपटी बाजू आरशाच्या काचेवर टेकवून सुई आडवी धरावी. काच आणि सुई यांच्यातली फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे. टोकावरून नख हलके फिरवावे; नखाला ओरखडा पडला तर ती सुई कापडाचे धागेही ओढणार. टाके सुटण्याच्या तक्रारीत पहिला उपाय नवी सुई, दुसरा उपाय ती नीट बसली का हे पाहणे, आणि या दोहोंनंतरच बाकीचे सगळे. काही रुपयांची ही वस्तू. ती मोडेपर्यंत वापरायची असते, हा आपल्याकडचा समज मात्र फार महागात पडतो.

बॉबिन केसच्या पत्र्याच्या पट्टीखाली सुताचा एक तंतू जरी अडकला तरी खालचा ताण ढिला होतो आणि खालचा दोरा वर दिसू लागतो. पुन्हा तेच : स्क्रू पिळण्याआधी पट्टीखालून एक जाड कागदाची कड फिरवावी. मग भरलेली केस दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवावी आणि हाताला हलका झटका द्यावा. केस थोडी घसरून थांबली तर ताण बरोबर आहे. धाडकन खाली गेली तर ढिला, जागची हललीच नाही तर घट्ट. स्क्रू फिरवायचाच तर पाव फेरा, त्याहून जास्त नाही. आणि फिरवण्याआधी त्याची खाच कुठे होती ते लिहून ठेवावे.

तेलाच्या बाबतीत मात्र मला थोडे थांबून बोलायचे आहे, कारण इथे परभणीचे हवापाणी थेट संबंधात येते. मशीन जड चालते म्हणून घरातलेच तेल घालणे ही आपल्याकडची सगळ्यांत सर्रास आणि सगळ्यांत नुकसानीची चूक आहे. मराठवाडा करडईचा मुलूख; वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने परभणी कुसुम नावाचा करडईचा वाणच दिला आहे. खायला करडईचे तेल उत्तम. पण ते सुकणाऱ्या तेलांपैकी आहे. हवा लागली की त्यावर चिवट पापुद्रा धरतो, म्हणून तर ते रंग-वॉर्निशाच्या कामी येते. हेच तेल मशीनच्या सांध्यात गेले की दोन दिवस मशीन पळते आणि दोन महिन्यांनी मधासारख्या चिकट थराने आवळते. खोबरेल तेल असे सुकत नाही, पण साधारण 24 अंशांखाली ते गोठते; आणि परभणीच्या थंडीत विद्यापीठाच्या वेधशाळेत किमान तापमान एक आकडी नोंदले जाते. म्हणजे हिवाळ्यात सकाळी मशीन आवळणार आणि दुपारी मोकळे होणार. मग बाई म्हणते, मशीनला थंडी बाधते. बाधते ती खोबरेलाला. त्यावर उन्हाळ्यातली काळ्या मातीची धूळ, दातांखाली जमलेला कापडाचा भुसा, पावसाळ्यातला गंज. या सगळ्यांना उत्तर एकच : पातळ, पांढरे शिलाई मशीनचे तेल, प्रत्येक भोकात एक थेंब, आणि नंतर टाकाऊ कापडावर कोरी टीप, म्हणजे जास्तीचे तेल गिऱ्हाइकाच्या झंपरला लागणार नाही. आधीच आवळलेल्या मशीनमध्ये हेच तेल थोडे जास्त घालून रात्रभर मुरू द्यावे, सकाळी चाक हाताने मागे-पुढे फिरवून निघालेला काळा चिकटा पुसावा आणि पुन्हा घालावे. दोन-तीन दिवस लागतात, पण मशीन सुटते. कापडाचा भुसा काढायला दात घासायचा जुना ब्रश पुरतो. तोंडाने फुंकर मारू नये, त्यात वाफ असते आणि भुसाही आत जातो.

असे घरच्या घरी उघडझाप करणे हे काही नवे धाडस नाही. एकोणिसाव्या शतकात सिंगर कंपनीने हप्त्यांवर मशिने घरोघर पोचवली तेव्हा त्यांबरोबर छोटा स्क्रू-ड्रायव्हर, तेलाची कुपी, जादा बॉबिन आणि पुस्तिका दिली जाई. तेल कुठे द्यायचे, ताण कसा बघायचा, सुई कुठल्या कापडाला कोणती, हे सगळे त्या पुस्तिकेत असे. कलकत्त्यात 1930च्या दशकात सुरू झालेल्या उषासारख्या देशी कंपन्यांनीही तीच रीत ठेवली. बिडाच्या अंगावर बाहेरून दिसतील अशी तेलाची भोके पाडलेली असतात, बॉबिन केस बिनअवजार निघते, सुई एका स्क्रूवर बदलते. ही मशीन बनवणाऱ्यांनीच चालवणाऱ्याला दिलेली मुभा आहे. यंत्रांबद्दल इतके कठोर असलेल्या गांधीजींनी 1924 साली यंत्रविरोधाविषयी बोलताना सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद केले होते, तेही मला याच अर्थाने महत्त्वाचे वाटते. हे यंत्र माणसाच्या हाताच्या आवाक्यातले आहे. चालवणारीला त्याचे पोट उघडता येत नसेल तर तो आवाका उरत नाही. अलीकडे दुरुस्तीच्या हक्काची चर्चा देशात सुरू आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी एक पोर्टलही काढले. मोबाइल आणि ट्रॅक्टर यांच्याबाबतीत तो हक्क झगडून मिळवावा लागणार आहे. शिलाई मशीनचा हक्क आपल्याकडे आधीपासून आहे. आपण तो वापरणे सोडले.

यावर येणाऱ्या आक्षेपांपैकी सर्वांत वजनदार आक्षेप मिस्त्रींचाच असतो : अर्धवट माहितीने मशीन आणखी बिघडते. हे खरे आहे. बिघाड घेऊन येणाऱ्या मशिनांत घरी चाळवाचाळव झालेली मशिने असतात, आणि त्यांचे काम दुप्पट होते. पण ही चाळवाचाळव माहिती दिल्यामुळे होते की न दिल्यामुळे? काय उघडायचे नाही हे कधीच न सांगितलेली बाई दिसेल तो स्क्रू फिरवते. म्हणून या पुस्तकात रेघ स्पष्ट ओढली आहे. सुईच्या दांडीची उंची, शटलचे टायमिंग, आतल्या दट्ट्यांचे पिन, मोटरची वाइंडिंग यांना घरी हात लावायचा नाही. मोटर असेल तर काहीही करण्याआधी प्लग काढायचा, बटन बंद करून भागत नाही. या रेघेच्या अलीकडचे सगळे मात्र बिनधास्त करावे, कारण तिथे चुकले तरी परत जागेवर आणता येते. एक उदाहरण देतो. चाक फिरते पण सुई हलत नाही, हे पाहून बायका घाबरतात. बॉबिन भरताना चाकाच्या मधली चकती ढिली केली जाते, ती परत आवळायची राहिली एवढेच बहुतेक वेळा झालेले असते. आवळूनही चाक सुईला घेत नसेल तर त्या चकतीमागचा तीन पाकळ्यांचा वॉशर साफसफाईत उलटा बसलेला असतो. तो अर्धा फिरवून लावला की काम होते. पाच मिनिटांचा हा विषय, आणि यासाठी मशीन परभणीला जाते.

मग मिस्त्रीच्या पोटाचे काय? मिस्त्रीची खरी विद्या टायमिंग बसवण्यात, झिजलेले शटल ओळखण्यात, जुन्या मशीनला नवा भाग मिळवून बसवण्यात आहे. सुई बदलायला तो बसलेला नाही, आणि अशा कामाचे पैसे मागताना त्यालाही संकोच वाटतो. शिवाय निगा नसलेले मशीन एक दिवस कोपऱ्यात जाते ते जातेच. त्याचे त्याला काहीच मिळत नाही. चालती मशिने जास्त असतील तर खऱ्या दुरुस्त्याही जास्त असतील. बायकांना यंत्राचे जमत नाही, या आक्षेपाला मी फार जागा देणार नाही. जी बाई चाळणीसारख्या तलम कापडावर पिको करते, सुईच्या नाकातून दोरा ओवते, तिरप्या कापडाचा ताण बोटांनी ओळखते, तिला पाव फेरा स्क्रू फिरवता येणार नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. अडचण जमण्याची नसून परवानगीची आहे. मशीन तिच्या नावावर असले तरी ते उघडायचे तर घरातल्या पुरुषाला विचारायचे, ही सवय मोडायला हवी. नव्या मोटरच्या, झिगझॅग किंवा संगणकी मशिनांना हे लागू नाही, असेही म्हटले जाते. त्यांच्यातल्या बोर्डाला ते लागू नाहीच; पण त्यांच्यातही सुई तीच, टाका तोच आणि दातांखालचा भुसा तोच. आणि नवे मशीन स्वस्तात मिळते मग जुने कशाला जपायचे, या प्रश्नाला उत्तर असे, की जुन्या बिडाच्या मशीनला वीज लागत नाही. भारनियमनात पायडलवर टीप चालू राहते, हे खेड्यात राहणाऱ्याला समजावून सांगायला नको. पायडलचा चामड्याचा पट्टा सैल पडला तर दोन बोटांएवढा तुकडा कापून तारेची क्लिप पुन्हा मारायची, एवढाच त्याचा खर्च.

तेव्हा शिवण शिकवणाऱ्या बाईंना, आयटीआयच्या निदेशकांना, बचत गटांच्या ताईंना आणि योजनेतून मशीन वाटणाऱ्या कार्यालयांना माझी विनंती आहे. मशिनाबरोबर सुयांची दोन पाकिटे, तेलाची एक कुपी, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक ब्रश द्या, आणि प्रशिक्षणातला एक पूर्ण दिवस फक्त निगेला द्या. त्या दिवशी प्रत्येकीने स्वतःच्या हाताने शटल काढून, पुसून परत बसवले पाहिजे; फळ्यावरच्या चित्राने हे येत नाही. वाचकांना सांगायचे ते इतकेच : हे पुस्तक सलग वाचू नका. पहिले प्रकरण वाचा, मशीनला नवी सुई लावा, तक्रार आली की तिचे पान काढा आणि तिथे दिलेला क्रम मोडू नका. पुस्तक कपाटात ठेवू नका, मशीनच्या खणात ठेवा. त्याला तेलाचे डाग पडले तरी चालतील.